सरकीच्या पेंडीला बदनाम करू नका

व्हॉट्सअॅपवरचा तो मेसेज येळ्ळूरच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने म्हशीची सरकी पेंड, म्हणजे कापसाच्या बियांतून तेल काढून उरलेला चोथा, बंद केली. दूध घटल्यावर मला फोन. मेसेज म्हणतो : बीटी (जनुक बदललेल्या कापसाच्या) सरकीच्या पेंडीत विष असतं, ते दुधात उतरून पोरांना कॅन्सर होतो, सरकीच्या तेलाने पुरुष नपुंसक होतात, कापसाच्या काड्या बिनकामाच्या, पेटवून द्या. खाली ‘सर्वांना पाठवा’. आणि लोक पाठवतात!

सरकी आडवी कापून बघा. पिवळसर गरात काळे ठिपके दिसतील. त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, कीड दूर ठेवायला झाडाने स्वतःच तयार केलेलं. बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला. त्याआधीच्या जयधर या देशी वाणाच्या सरकीतही हे ठिपके होतेच. मग बीटीचा संबंध कुठे आला? शिवाय म्हैस रवंथ करणारं जनावर. तिच्या पोटात गॉसिपॉलचा बराचसा भाग प्रथिनांना चिकटून निकामी होतो, आणि तेल काढताना सरकी तापते तेव्हाही तेच घडतं. कोंबड्या, डुकरं आणि रवंथ सुरू न झालेली रेडकं यांना मात्र ते बाधतं. एवढं मान्य. रेडकाला पेंड घालू नका, म्हशीलाही मापातच घाला.

माणसाला सरकी खाता यावी म्हणून टेक्सासमध्ये शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी बियांत गॉसिपॉल अगदी नगण्य असलेला कापूस तयार केला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती सरकी खाण्याला हिरवा कंदील दाखवला. तो कापूस तर जनुक बदलूनच केलेला आहे! ही सगळी खटपट रवंथ न करणाऱ्या पोटांसाठी. गाईम्हशींना साधी सरकी आधीपासूनच चालत होती.

दुधात उतरणारं विष खरंच आहे, पण ते बुरशीचं. पावसाळ्यात पोतं जमिनीला टेकलेलं राहतं, तळच्या पेंडीचे हिरवट-काळे गोळे होतात, कुबट वास सुटतो. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होऊ शकतं आणि ते दुधात येतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दुधातली त्याची मर्यादा किलोला फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तसली पेंड वाळवून घालू नका, टाकूनच द्या. पोती फळीवर ठेवा. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही!

तेलाचं म्हणाल तर चीनमध्ये गॉसिपॉलच्या पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचण्या झाल्या होत्या, अफवेचं मूळ तिथलं. कच्चं तेल खाऊ नयेच. रिफाइंड करताना गॉसिपॉल निघून जातं.

वेचलेल्या कापसाच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश सरकीच असते. तिचा भाव पडला तर बैलहोंगल-सौंदत्तीचा कापूसवाला भरडला जाईल, याचं भान पाठवणाऱ्याला नाही.

काड्यांची रास बांधावर ठेवू नये हे बरोबर, कारण उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. पण त्यासाठी आग कशाला? वेचणी संपताच उपटा, किडकी बोंडं नष्ट करा, काड्यांची कुट्टी करून खत करा. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तर याच काड्यांपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत.