काका, तुमच्या त्या ‘फक्त’मध्येच सगळी गोम आहे

नमस्कार काका, (कमेंटमध्ये तुम्हीच ‘रिटायर्ड माणूस’ लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग मानू नका.)

तुमचं म्हणणं असं की घरातलं नेट अडलं तर काय बघायचं यावरच्या पोस्टमध्ये मी उगाच पिंगबिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघायची कमांड) घुसडून साध्या माणसाला घाबरवतो, रिसेटला नावं ठेवतो, आणि तुम्ही सरळ वरच्या मजल्यावर दुसरा राउटर लावलात तर सगळं झकास चाललंय, “फक्त खालच्या पीसीवर अधूनमधून नेट जातं आणि वरून प्रिंटर कधी दिसतो कधी नाही”. अहो, याला झकास म्हणतात होय?

आधी रिसेटचं उरकतो. बंद करून चालू करायला माझी कधीच ना नव्हती, खुशाल करा. पण मागच्या भोकात टाचणी खुपसली की वायफायचं नाव-पासवर्ड तर जातंच, आणि कनेक्शन पीपीपीओईवर (म्हणजे राउटरने कंपनीकडे लॉगिन करायचं तसलं) असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्डपण पुसलं जातं, मग शनिवारी संध्याकाळी केबलवाल्याला फोन लावत बसा, तो म्हणणार सोमवारी माणूस पाठवतो. एवढ्यासाठीच नको म्हणालो.

आता तुमचा राउटर. तुम्ही लिहिलंय की खालच्या राउटरची वायर वरच्याच्या “मोकळ्या पिवळ्या पोर्टात” घातली. बऱ्याच राउटरवर पिवळे म्हणजे लॅन पोर्ट (घरातल्या मशीनसाठी), निळा म्हणजे वॅन (बाहेरून येणाऱ्या नेटसाठी). म्हणजे दोन्ही राउटर एकाच नेटवर्कवर आले आणि दोघांचंही डीएचसीपी चालू, म्हणजे दोघंही येईल त्या मशीनला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) वाटत बसलेत. एकाच चाळीत दोन सेक्रेटरी झाल्यासारखं. पीसी चालू झाला की तो ‘मला पत्ता द्या’ म्हणून ओरडतो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा घेतो. खालच्याचं आलं तर गेटवे (बाहेरच्या नेटकडे जायचं दार) १९२.१६८.१.१, नेट चालू. वरच्याचं आलं तर गेटवे १९२.१६८.०.१, आणि त्या बिचाऱ्याच्या वॅन पोर्टात काहीच नाही, म्हणून वायफाय फुल दाखवतं पण पान उघडत नाही. प्रिंटर बहुतेक १९२.१६८.१.काहीतरी वर असणार, लॅपटॉपला १९२.१६८.०.काहीतरी मिळालं की दोघांची गाठ पडत नाही. रीस्टार्ट केल्यावर “आपोआप बरं होतं” म्हणालात ना, ते बरंबिरं काही होत नाही, त्या वेळी खालच्याचा नंबर लागतो इतकंच.

आणि वरती मोबाईल मस्त चालतात म्हणता, तर एकदा मोबाईल डेटा बंद करून बघा. हल्लीचे फोन वायफायला नेट नसलं की गुपचूप सिमच्या डेटावर जातात, अँड्रॉइडवर वायफायच्या चिन्हाशेजारी बारीकसं उद्गारचिन्ह येतं तेवढंच, ते कोण बघतंय!

माझा शब्द खरा धरू नका, तपासा. पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाका (इंग्रजीत अर्थातच, ipconfig), नेट चालू असताना एकदा आणि गेल्यावर एकदा, आणि ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा लिहून ठेवा. दोन वेळचे आकडे वेगळे आले तर चोर सापडला. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र कोणीच पत्ता दिलेला नाही, मग आधी वायर बघा. आणि आकडा दोन्ही वेळा तोच असेल तरच माझं ते पिंग: आधी राउटरला, मग ८.८.८.८ ला (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता), मग एखाद्या साईटच्या नावाला. राउटरच उत्तर देत नसेल तर भानगड घरातली, राउटर देतो पण ८.८.८.८ नाही तर बहुतेक पुढे लाईनची, आणि फक्त नावाला अडलं तर डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. दोन मिनिटांचं काम आहे, त्यात इंजिनियरिंग काही नाही, उलट फोनवर “तुमच्या पीसीत व्हायरस असेल” ऐकून घ्यावं लागत नाही.

दुरुस्तीला नवीन काही विकत घ्यायचं नाही. वरच्या राउटरची खालून येणारी वायर काढा, एक लॅपटॉप वायरने त्यालाच जोडा आणि सेटिंगमध्ये जा. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (यात राउटर फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटत नाही) असेल तर तो निवडा, संपलं. (काही राउटरमध्ये या मोडला वायर वॅनमध्ये लागते, स्क्रीनवर सांगतात.) नसेल तर लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, आधी बघा की खालचा राउटर तो दुसऱ्या कुणाला वाटत नाहीये, वाटत असेल तर त्याच्या रेंजच्या बाहेरचा द्या. मग डीएचसीपी बंद, सेव्ह, आणि वायर परत त्याच पिवळ्या पोर्टात. त्यानंतर पीसी, मोबाईल, प्रिंटर सगळे एकदा बंद-चालू करा, नाहीतर जुने पत्ते धरून बसतात.

एवढं करूनही प्रिंटर दिसला नाही तर लॅपटॉप चुकून गेस्ट वायफायवर नाही ना ते बघा, गेस्टवरून घरातली बाकीची मशीन मुद्दाम दिसू देत नाहीत. आणि ते गेटवेचे दोन आकडे इथेच कमेंटमध्ये टाका, पासवर्ड तेवढा टाकू नका.