पुतळ्याच्या पायाशी कोण?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर पुतळ्यांवरून जुंपली आहे. सुरुवात मालवणच्या राजकोटापासून झाली. डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, आणि आता तिथे त्याहून उंच नवा उभा आहे. किती फूट, खर्च किती, ठेका कोणाला, हेच चाललं होतं. मी मध्ये काहीतरी लिहिलं, तर एका मित्राने सुनावलं, ‘तुमच्या कॅनडात लोक पुतळे पाडतात. तिथे बसून आम्हाला इतिहास शिकवू नकोस.’

पाडले, हे खरं आहे. २०२१ मध्ये विनिपेगला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा दोर लावून खाली ओढला. मूलनिवासींच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांत दगावलेल्या मुलांच्या बातम्यांनी लोक पेटून उठले होते. पण मी राहतो त्या राजधानी ओटावात एक पुतळा आहे, त्याची गोष्ट वेगळी आहे. मित्राला तीच सांगायची होती, ग्रुपवर जमली नाही.

पुतळा साम्युएल द शाम्प्लेनचा. १६०८ मध्ये या फ्रेंच माणसाने क्वेबेकची वसाहत वसवली. पहिल्या हिवाळ्यात तिथे २८ जण होते, वसंत येईपर्यंत ८ उरले. बाकीचे स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, आणि हगवणीने गेले. मला यातली सर्वात जिव्हारी लागणारी गोष्ट त्याच्या आधीची आहे. १५३५-३६ च्या हिवाळ्यात त्याच जागी जाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्द्याचे खलाशी याच स्कर्व्हीने मरत होते. तिथल्या स्टाडाकोना या मूलनिवासी गावच्या लोकांनी एका झाडाची साल आणि पानं उकळून काढा दिला, आणि माणसं उठून बसली. परत जाताना कार्तिएने त्यांचा प्रमुख डोनाकोना याला पळवून फ्रान्सला नेलं. तो पुन्हा घरी आला नाही. शाम्प्लेन पोचला तेव्हा स्टाडाकोना गावच राहिलं नव्हतं. काढा सांगणार कोण?

१६०९ मध्ये इन्नू, अल्गॉन्क्विन आणि वेंडाट या मूलनिवासी मित्रांच्या बाजूने शाम्प्लेन त्यांच्या शत्रूंवर, मोहॉकांवर, चालून गेला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की बंदुकीच्या एका बारात दोन प्रमुख पडले. त्या एका बाराचं वैर फ्रेंचांना पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. १६१३ मध्ये तो ओटावा नदीने वर आला. शोदिएर धबधब्यापाशी त्याच्या मूलनिवासी वाटाड्यांनी लाकडी थाळीत तंबाखू गोळा केली, भोवती नाच केला आणि ती पाण्यात सोडली. हे वर्णन वाचताना मला नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणारे आमच्याकडचे कोळी आठवले. ते वाटाडे नसते तर शाम्प्लेन त्या नदीवर एक दिवस टिकला नसता.

आणि १९१५ च्या पुतळ्यात काय केलं? शाम्प्लेन उंच चौथऱ्यावर, हातात ॲस्ट्रोलॅब, म्हणजे सूर्य-ताऱ्यांवरून ठिकाण काढायचं यंत्र, तेही उलटं धरलेलं. काही वर्षांनी खाली एक मूलनिवासी वाटाड्या बसवला. उघडा, एका गुडघ्यावर, निनावी. त्याच्यासाठी होडीही करायची होती, पण पैसे संपले. १९९६ मध्ये मूलनिवासी नेते ओव्हिड मर्क्रेडी यांनी त्या मूर्तीवर कांबळं टाकलं आणि ती हलवण्याची मागणी केली. १९९९ मध्ये वाटाड्याला रस्त्यापलीकडच्या मेजर्स हिल पार्कात नेलं. शाम्प्लेनला कोणी फोडलं नाही. पुढे वाटाड्याला अल्गॉन्क्विन भाषेत नावही मिळालं. मी त्याला पार्कातच पहिल्यांदा पाहिलं. गवतात, माझ्या उंचीला, कोणाच्याही पायाशी नाही. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो.

कॅनडा यामुळे साधू ठरत नाही. संसदेची जमीन अल्गॉन्क्विनांनी कधी लिहून दिलेली नाही, आणि माझं घरही त्याच जमिनीवर आहे. महाराज आणि शाम्प्लेन यांना एका मापाने मोजायचंही नाही. एक आपल्या मातीतल्या रयतेसाठी लढला, दुसऱ्याने दुसऱ्यांच्या मातीवर फ्रान्सच्या राजाचं ठाणं रोवलं. मी तुलना करतोय ती फक्त पायाशी असलेल्या जागेची.

कारण ती जागा आपल्याकडेही आहे. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलंय, ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’. गड बांधणारा माणूस पायरीशी आहे, पण कोणी त्याला गुडघ्यावर बसवलेलं नाही आणि तो निनावीही नाही. ग्रुपवर आठवडाभरात शेकडो मेसेज आले, त्यात हिरोजींचं नाव एकदाही नाही. नव्या पुतळ्याची उंची सगळ्यांना पाठ आहे. तो घडवणारे, ओतणारे, वेल्डिंग करणारे कोण, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

ओटावात शाम्प्लेनच्या पुतळ्याची ती टेकडी आता किवेकी पॉइंट म्हणून ओळखली जाते. अल्गॉन्क्विनमध्ये याचा अर्थ आपल्या भूमीकडे परतणं. डिसेंबरात मी गावी येतोय. मित्राला म्हटलंय, पाचाडहून पायऱ्यांनी चढू, रोपवे नको, आणि मेघडंबरीच्या आधी जगदीश्वराला जाऊ. त्याचा अजून होकार आलेला नाही.