साध्या, पातळ पात्याच्या चाकूबद्दल

जाड पातं म्हणजे दणकट चाकू आणि दणकट म्हणजे चांगला, हा समज इतका घट्ट बसलाय की नवीन चाकू घेणारा माणूस आधी तो हातात तोलूनच बघतो. मला हे कधीच पटलं नाही. चाकूचं काम कापणं. कमी जोरात, सरळ आणि आपल्याला हवं तिथेच जो कापतो तो चांगला चाकू, आणि असे बहुतेक चाकू दिसायला अगदी साधे असतात.

पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पात्याने एक सफरचंद कापून बघा. धार कितीही तेज असो, पातं निम्म्यावर गेलं की फळ कापलं जात नाही, तडकतं. धारेमागची जाडी पाचरीचं काम करायला लागते. जाड पुठ्ठ्यात तेच पातं अडकून बसतं, मग आपण जोर लावतो आणि हात सटकतो तो तेव्हाच. पातळ पातं तिथून अलगद पार जातं. "पण जाड पात्याने लाकूड फोडता येतं ना?" असं लगेच कोणीतरी म्हणतं. येतं. पण फोडायला कुऱ्हाड आहे, आडवं कापायला मिटणारी करवत आहे, आणि त्या कामात दोन्ही चाकूपेक्षा कितीतरी सरस आहेत. बाहेर मुक्कामाला गेल्यावर चाकूकडून आपल्याला हवं असतं काय? दोरी कापणं, तंबूची खुंटी तासणं, जाळ पेटवायला काटकीचे पातळ ढलपे काढणं, पाकिटं फोडणं, फळ चिरणं. यातल्या एकाही कामाला वजनदार हत्यार लागत नाही.

म्हणून बाहेरच्या वापराला माझी पहिली पसंती मोराच्या चाकूला. स्वीडनमधल्या मोरा गावाच्या परिसरात चाकू बनवायची परंपरा जुनी आहे. तिथला फ्रॉस्ट यांचा कारखाना १८९१ साली सुरू झाला, पुढे तो शेजारच्या दुसऱ्या कारखान्यात मिळाला आणि आज मोराक्निव या नावाने हे चाकू येतात. त्यांचा 'कंपॅनियन' घ्या. पातं साधारण दहा सेंटिमीटर लांब, स्टेनलेसमध्ये सुमारे अडीच मिलिमीटर जाड, मूठ रबरी पकडीची, म्यान प्लॅस्टिकचं. दिसायला शोभेचं काहीही नाही. पण मूठ ओल्या हातातही फिरत नाही आणि चाकू म्यानात घट्ट बसतो.

मात्र या चाकूवर माझा जीव आहे तो त्याच्या धारेमुळे. पात्याच्या दोन्ही बाजूंना धारेपर्यंत जाणारा एकेक रुंद, सपाट उतार असतो. धार लावताना कोन किती धरायचा हा नवशिक्याचा सगळ्यात मोठा घोळ, आणि इथे तो कोन पात्यावरच कोरलेला आहे. दगड ओला करायचा, पातं त्यावर आडवं ठेवायचं आणि पाठ हळूहळू खाली-वर करत तो सपाट उतार कुठे टेकतो ते बोटांनी शोधायचं. टेकला की लगेच कळतं, पातं डुगडुगायचं थांबतं. मग पुढे सरकवायचं. धार खरोखर दगडाला लागत असेल तर पाण्याची बारीक रेघ तिच्यापुढे ढकलली जाते आणि पात्यावर चढते. ती रेघ दिसत नसेल तर पाठ किंचित उचला. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूवरून अंगठा पाठीकडून धारेकडे, म्हणजे बाहेरच्या दिशेने, हलकेच सरकवला की काहीतरी खरखरीत अडकतं. ही पोलादाची उलटलेली बारीक तार. ती टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे लागली की मगच पातं पालटायचं. शेवटी हलक्या हाताने दोन्ही बाजू, मग चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठ पुढे ठेवून ओढायचं. हे एकदा हाताला समजलं की बोथट चाकू घरात राहतच नाही.

याच्यावर नेहमीचा आक्षेप असा, की आतलं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं नाही. खरंय. पण दगड उचकटायला चाकू वापरायचाच नसेल तर त्याने फरक पडत नाही. भाजी चिरायला मात्र मी तो घेत नाही. तो रुंद उतार कडक फळभाजीत पाचरीसारखाच वागतो.

खिशात ठेवायला ओपिनेल. फ्रान्समधल्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी हा चाकू १८९० साली बनवला. लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा. फिरणारी कडी १९५५ साली आली. ती फिरवली की उघडं पातं बोटांवर मिटत नाही, आणि एवढं साधं कुलूप मी दुसऱ्या कुठल्या चाकूत पाहिलेलं नाही. आठ नंबरच्या आकाराचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, कागदासारखं पातळ वाटावं असं. पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि पातं नखाने निघत नाही. तेव्हा कडी मोकळी करून मुठीचा मागचा भाग टेबलावर टकटक आपटायचा, पात्याची पाठ आपसूक वर येते. साव्हॉयचे लोक हे असंच करतात.

ओपिनेल साध्या कार्बन पोलादात घ्यावा असं माझं मत. आंबट फळ कापलं की पातं निळसर-करडं होतं आणि लोक घाबरतात. तो गंज नाही. उलट तो थर बसल्यावर खरा तांबडा गंज जरा कमी धरतो. वापरून झालं की पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं, बस. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी मात्र सरळ स्टेनलेस घ्यावं.

स्विस सैनिकांचा तो लाल चाकू? कात्रीसाठी जरूर घ्या, ती कात्री अप्रतिम असते.

महागड्या पोलादांबद्दलही स्पष्ट बोलते. त्यांची धार जास्त टिकते, यात वाद नाही. पण व्हॅनेडियम हा धातू भरपूर मिसळलेल्या पोलादात जे कण तयार होतात ते नेहमीच्या धारेच्या दगडापेक्षाही कठीण असतात. म्हणजे धार गेली की हिऱ्याची पट्टी शोधा. मुक्कामावर असताना मला दहा मिनिटांत परत तेज होणारा चाकू हवा.

आणि पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते असलेले चाकू कृपा करून घेऊ नका. त्या दात्यांनी धड फांदी कापली जात नाही, आणि तासताना अंगठा टेकवायची जागा तेवढी जाते. अर्धी धार दातेरी असलेल्यांचंही तेच. सगळ्यात जास्त जोर मुठीजवळ लागतो, आणि साधी धार नेमकी तिथूनच काढून टाकलेली असते.

मोरा आणि ओपिनेल यांतला एकच घ्यायचा झाला तर बाहेर जाणाऱ्याने मोरा घ्यावा. न मिटणाऱ्या चाकूला सांधा नसतो, त्यामुळे माती-वाळू अडकायला जागाच नाही आणि धुणं सोपं. फक्त प्रवासाआधी त्या ठिकाणचा कायदा बघा. उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये विनाकारण बाळगता येतो तो फक्त तीन इंचांपर्यंत धारेचा, मिटणारा आणि कुलूप नसलेला चाकू. तिथे मोरा तर सोडाच, कडीवाला आठ नंबरही त्यात बसत नाही.