पितृपक्षातलं उड्डाण

"पितृपक्षात कुणी नवीन काम काढतं का गं?"

ऑक्टोबर 2023. आम्ही फ्लोरिडात ताईकडे होतो. नासाच्या सायकी यानाचं उड्डाण बघायला जायचं ठरलं, तेव्हा आईचा हा पहिला प्रश्न. 12 तारखेला हवा बिघडली आणि उड्डाण रद्द झालं. आई काही बोलली नाही, नुसती चहा ढवळत राहिली. नवी तारीख आली 13, वार शुक्रवार. म्हणजे तिकडच्या लोकांच्या हिशेबानंही अशुभ! दोन्ही पंचांगांनी नापास केलेला दिवस.

गंमत अशी की मुहूर्त यानालाही होता, आणि तोही ग्रहांवरूनच काढलेला. मंगळाजवळून जाताना त्याच्या गुरुत्वाचा धक्का घेऊन 2029 मध्ये सायकी या धातूबहुल लघुग्रहाशी पोचायचं, तर पृथ्वी नेमक्या जागी असताना निघायला हवं. 2022 चा मुहूर्त सॉफ्टवेअरच्या चाचण्या पूर्ण न झाल्यानं हुकला, तर पोचणं 2026 वरून थेट 2029 वर गेलं. यावर "बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" म्हणणाऱ्यांनी कृपया कमेंटमध्ये येऊ नये. आईला हसणाऱ्यांनीही नको. मला फरक एवढाच दिसतो की इथे मुहूर्त का, हे कुणीही गणित मांडून तपासू शकतं. आणि ढग आले तर अब्जावधींचा खर्च झालेला असूनही "आज नाही" म्हणायला कुणी लाजत नाही. आपल्याकडे मांडवात गुरुजींना घड्याळ दाखवून अक्षता उरकून घेतात, ते आठवलं.

तर, जेट्टी पार्कचा किनारा. लाँचपॅड इथून साधारण 22 किलोमीटर. सकाळी 10 वाजून 19 मिनिटांनी क्षितिजावर एक ठिणगी उठली आणि चढायला लागली. 27 इंजिनं एकदम पेटलेली, आणि आवाज शून्य! लाटा आणि सीगल, बस्स. आवाजाला तेवढं अंतर कापायला मिनिटभर लागतं, हे मला पाठ होतं. तरी त्या मिनिटात काहीतरी बिघडलंय असंच वाटत राहिलं. टीव्हीवर हे मिनिट मिळत नाही, तिथे माईक पॅडपाशीच असतो. मग आवाज आला, ढोल-ताशा पथकाच्या पुढ्यात उभं राहिल्यावर बरगड्यांत घुमतो तसा. तोवर रॉकेट कुठच्या कुठे गेलं होतं.

लोक खुर्च्या मिटायला लागले. ताई म्हणाली, थांबा. आठेक मिनिटांनी रॉकेटच्या दोन बाजूंना जोडलेले दोन बूस्टर शेपटीला आग लावून खाली उतरले, शेजारी-शेजारी, आमच्यापासून दहाएक किलोमीटरवर. ते टेकल्यावर आम्हाला धडाम-धडाम ऐकू आलं.

"फुटलं की काय गं?" आईनं माझा हात घट्ट धरला.

"नाही गं, आवाजापेक्षा जास्त वेगानं येतात ना, त्याचा दणका. सुखरूप आले दोघं."

"आणि मधलं?"

"ते नाही येत. यानाला वेग देण्यातच त्याचं सगळं इंधन संपतं."

आई समुद्राकडे बघत राहिली. ताईनं दोनदा गाडीची किल्ली वाजवली, ट्रॅफिक सुरू होईल म्हणून.

"बसू दे जरा," आई म्हणाली.