त्या मेसेजमुळे मामीनं गोळ्या लपवल्या

गेल्या महिन्यात निपाणीला मामांकडे गेले, तर मामा भिंतीकडे तोंड करून कण्हत पडलेले. जबड्याचा कॅन्सर. तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली त्यांनी. चार रात्री घरात कुणाचा डोळ्याला डोळा नव्हता आणि डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मामीनं तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवल्या होत्या. का, म्हणून विचारलं तर मोबाईल पुढं केला. "मी माझ्या हातानं त्यांस्नी मारू व्हय?"

तोच मेसेज मला बेळगावच्या आणि खानापूरच्या ग्रुपांवरही आलाय. त्याचं म्हणणं असं: कर्नाटक सरकारनं इच्छामरणाचा कायदा केलाय, घरच्यांनी सही केली की जिल्ह्याच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन माणूस संपवणार, मॉर्फिन चालू केलं की समजा, सुरुवात झाली, आणि हे परदेशी थेर आपल्या संस्कृतीत बसत नाही.

आधी मॉर्फिन, कारण बाकीचं खोटं नुसतं घाबरवतं, हे माणसाला प्रत्यक्ष तडफडत ठेवतं. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर हे जगभरातलं नेहमीचं औषध आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं. ते दुखणाऱ्या माणसाला सहज मिळावं म्हणून 2014 साली संसदेनं अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती केली. डॉक्टर थोड्यापासून सुरू करतात, वेदना बघून वाढवतात, साधारण दर चार तासांनी देतात. ठरल्या मात्रेत दिलं तर आयुष्य कमी होत नाही. बद्धकोष्ठ होतो, त्याचं वेगळं औषध सोबत देतात. "गोळी घेतली की नुसते झोपतात," असं मामी म्हणाली. अगं, इतक्या रात्री जागलेला माणूस दुखणं थांबल्यावर झोपणार नाही तर काय करणार? उलट घेत असलेली गोळी एकदम बंद केली की दुखणं दुपटीनं उसळतं, वर घाम, मळमळ, तगमग. मामांचं नेमकं तेच झालं होतं.

आता कायदा. कर्नाटकानं कसलाही नवा कायदा केलेला नाही. 30 जानेवारी 2025 ला आरोग्य खात्यानं एक परिपत्रक काढलं, तेही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अमलात आणण्यासाठी. निकाल 9 मार्च 2018 चा, पाच न्यायमूर्तींचा. त्यातली पद्धत 24 जानेवारी 2023 ला सोपी केली. त्यात इंजेक्शन कुठंच नाही. बरं होण्याची आशा उरलेली नाही आणि व्हेंटिलेटरसारख्या उपचारानं फक्त मरण लांबतंय, अशा रुग्णाचा तो उपचार थांबवता येतो, एवढंच. तेही एका सहीवर नाही. आधी दवाखान्यातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ, मग आणखी तिघांचं दुसरं, त्यातला एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला. घरच्यांची संमती हवी आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जीव घेणारं इंजेक्शन देणं आपल्या देशात आजही गुन्हाच आहे. मरायला मदत केली तरी भारतीय न्याय संहितेचं कलम 108 लागतं, दहा वर्षांपर्यंत कैद.

सरकारी कागद आपल्याला मराठीत मिळत नाहीत आणि अफवा मात्र शुद्ध मराठीत येते, याचा मला फार राग येतो.

एक मान्य करते. म्हाताऱ्याच्या नावावरच्या जमिनीच्या उताऱ्यावर डोळा ठेवून सही करणारी माणसं असतील, ही भीती पोकळ नाही. आयसीयूचं बिल परवडत नाही म्हणून पेशंट घरी आणलेली घरं मला माहीत आहेत. त्यांनी केलं ते मनापासून नव्हतं. पण त्याच भीतीपोटी तर दोन-दोन मंडळं ठेवलीत. आणि असा उपचार नको, हे आपलं आपल्याला आधीच लिहून ठेवता येतं: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आपल्या वतीनं कोण बोलणार त्याचं नाव. मी माझं लिहिणार आहे. शुद्ध परत येणार नाही हे ठरल्यावर नळ्या लावून मला अडकवून ठेवू नये, असं मला वाटतं आणि त्यात मला पाप दिसत नाही.

संस्कृतीचं म्हणाल तर बेळगाव जिल्ह्यातल्या जैन घरांत जाऊन सल्लेखनेबद्दल विचारा, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याबद्दल. श्रवणबेळगोळला तिचे शतकानुशतकांचे शिलालेख आहेत. ती गोष्ट वेगळी, व्रताची. पण मरणाचा विचार आपल्याला परदेशानं शिकवला, हे म्हणणं अडाणीपणाचं आहे.

त्या संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितली तेवढी गोळी मामीनं चमच्यात पाण्यात विरघळवून मामांच्या ओठाशी धरली. हात थरथरत होता तिचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पेज मागितली. मेसेज धाडणारा त्यांचाच पुतण्या. हे सगळं मी त्याला पाठवलंय, ज्या ज्या ग्रुपवर ते टाकलंस तिथं हेही टाक म्हणून.