नाना, बाब्या कोणाचा आणि कार्टं कोणाचं

राम राम नाना. कमेंटखाली तुम्हीच 'चोपड्याचा नाना' लिहिलंय म्हणून नानाच म्हणतो, वयाने लहान निघालात तर सांभाळून घ्या. तुमची कमेंट पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. रात्री परत वाचली तर अर्धी पटली, म्हणून चार ओळीत न उरकता इथं सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, व्हायरस वापरून कॅन्सरचं औषध करणाऱ्या कंपन्यांत शास्त्रज्ञच पुढे असतो आणि ते चांगलंय असं मी लिहिलं होतं, सोबत हरभऱ्याची अळी मारणाऱ्या व्हायरसचं उदाहरण दिलं होतं. त्यावर नाना म्हणतात, "ज्याने व्हायरस बनवला त्यालाच खुर्चीत बसवल्यावर तो त्याला वाईट कशाला म्हणेल? आपला तो बाब्या. वरून शेअर पण त्याच्याच नावावर. आणि हरभऱ्याच्या अळीचं उदाहरण माणसाला लावता, लोकांना भुलवू नका."

अळीचं आधी घेतो कारण ते माझ्या घरातलंय. भावाचं कृषी केंद्र आहे, एमएस्सी करून पण मी संध्याकाळी तिथं गल्ल्यावर असतो. घाटे अळी मारणारा व्हायरस, एचएएनपीव्ही, नेणारे आपल्याकडे बरेच आहेत, ऊन उतरल्यावर फवारा, पाण्यात नीळ टाका, नाहीतर उन्हाने व्हायरस मरतो, हे प्रत्येकाला सांगावं लागतं. काही दिवसांनी अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतात, बाकी कशाला काही होत नाही. मला एवढंच सांगायचं होतं की व्हायरस निवडक असू शकतो. पण त्या भरात मी "व्हायरस कॅन्सर खाऊन टाकतो" असं लिहून गेलो, ते चूक होतं, आज ती ओळ काढली. अळी ही बाहेरची, गाठ ही आपल्याच शरीराची, तिथं व्हायरसला शत्रू ओळखायला शिकवावं लागतं आणि सगळी भानगड त्या शिकवण्यातच आहे.

आता बाब्याचं. याला उत्तर म्हणून मला एकच गोष्ट सांगायचीय पण ती लांब आहे, चहा घेऊन बसा.

कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये ओनिक्स नावाची कंपनी निघाली, काढणारे फ्रँक मॅककॉर्मिक, स्वतः शास्त्रज्ञ. यांचा व्हायरस म्हणजे ओनिक्स-०१५. सर्दी करणारा अ‍ॅडिनोव्हायरस घेतला आणि त्याचा एक जीन काढून टाकला. तो जीन काय करायचा, तर पेशीतल्या पी५३ नावाच्या राखणदाराला गप्प बसवायचा. आता हिशोब असा, की चांगल्या पेशीत राखणदार जागा आहे म्हणजे हा लंगडा व्हायरस तिथं वाढणार नाही, आणि जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये तो राखणदार आधीच मेलेला असतो, तिथं हा मोकाट वाढून पेशी फोडणार. १९९६ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आलं. इतकी सुंदर थिअरी की मी कॉलेजात वाचली तेव्हा दोन दिवस तेच डोक्यात.

आणि २००४ मध्ये ती थिअरी खोटी ठरली. व्हायरस कॅन्सरच्या पेशीत जास्त वाढतो हे खरंच होतं, पण कारण पी५३ नव्हतं. व्हायरसला शेवटी शेवटी आपले आरएनए पेशीच्या केंद्रकातून बाहेर काढावे लागतात, ते काम तोच काढलेला जीन करायचा, आणि कॅन्सरच्या पेशीत हे काम त्याच्याशिवाय पण निभून जातं. हे दाखवलं कोणी? मॅककॉर्मिक यांच्याच लॅबने. बाब्याचं कार्टं बापानेच केलं नाना!

हे लिहिलं आणि वाटलं जिंकलो. मग तारखा बघितल्या. मॅककॉर्मिक तोवर कंपनीतून निघून सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटीत गेले होते, आणि ओनिक्सने तो व्हायरस २००३ मध्येच बंद केला होता. म्हणजे खुर्ची सुटल्यावर खरं बोलता आलं असं तुम्ही म्हणणार, आणि मला ते खोडता येत नाही. फक्त एवढंच म्हणतो की खुर्ची सुटल्यावर पण स्वतःच्या नावाची थिअरी स्वतःच मोडणारे मी फार बघितले नाहीत, आपल्याकडे तर रिटायर झाल्यावर माणूस जास्तच घट्ट धरून बसतो.

बरं ओनिक्सचं पुढे काय झालं ते तर आपल्या घरापर्यंत येतं. व्हायरस सोडून त्यांनी सगळं बळ बायर या जर्मन औषध कंपनीसोबतच्या एका साध्या गोळीवर लावलं, सोराफेनिब. २००५ मध्ये किडनीच्या कॅन्सरला परवानगी मिळाली, मग लिव्हरच्या. भारतात बायर महिन्याला साधारण २ लाख ८० हजार रुपये घ्यायची. मार्च २०१२ मध्ये आपल्या पेटंट ऑफिसने हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसताना औषध बनवायची मुभा, देशातला पहिलाच, आणि तीच गोळी महिन्याला ८,८८० रुपयांवर आली. "पैसेवालेच ठरवतात" म्हणता ना, इथं एका सरकारी ऑफिसने ठरवलं.

आणि गंमत बघा, व्हायरस सोडून जी गोळी धरली तीच पुढे दुसऱ्या व्हायरसच्या आडवी आली. पेक्सा-व्हेक म्हणून देवीच्या लसीतल्या व्हायरसपासून केलेलं औषध होतं, कोरियाची सिलाजेन कंपनी. लिव्हर कॅन्सरची मोठी ट्रायल, एका गटाला नुसतं सोराफेनिब, दुसऱ्याला आधी व्हायरस मग सोराफेनिब. ऑगस्ट २०१९ मध्ये आकडे तपासणाऱ्या बाहेरच्या कमिटीने सांगितलं, फायदा दिसत नाही, थांबवा. शेअर धाडकन पडला. इथं मात्र तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, 'थांबा' हा शब्द आतल्या शास्त्रज्ञाच्या तोंडून निघाला नाही, बाहेरच्याने म्हटला. पण ती कमिटी बसवून, आकडे तिच्यासमोर उघडे ठेवायचं कबूल करूनच ट्रायल सुरू होते. माझ्या मते शास्त्रज्ञ नेता चांगला की वाईट हे इथंच कळतं. बाब्याचा निकाल बापाने लावायचाच नाही, त्याने फक्त परीक्षा सोपी ठेवायची नाही. मागच्या पोस्टमध्ये मी हे लिहायला पाहिजे होतं, मी नुसते सत्कार करत बसलो.

रॉबर्ट कॉफिन यांच्याबद्दल "तुमचा हिरो" असा टोमणा मारलाय. घ्या मग. ओठाच्या कोपऱ्यात फोड आणणारा जो हर्पिस, त्यातले नुकसान करणारे जीन काढून, प्रतिकारशक्तीला हाक मारणारा एक जीन घालून त्यांच्या बायोव्हेक्स कंपनीने टी-व्हेक बनवलं. अ‍ॅमजेनने २०११ मध्ये कंपनी विकत घेतली, ४२.५ कोटी डॉलर रोख आणि बाकी टप्पे गाठले तर. (याच अ‍ॅमजेनने २०१३ मध्ये ओनिक्स पण घेतली.) २०१५ मध्ये अमेरिकेत मंजुरी, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी. ट्रायलमध्ये ४३६ पेशंट, टिकाऊ परिणाम, म्हणजे गाठ बराच काळ आक्रसलेली राहणं, टी-व्हेकवाल्या गटात १६.३ टक्क्यांत, तुलनेच्या गटात २.१. पण आयुष्य किती वाढलं तर २३.३ महिने विरुद्ध १८.९, आणि तो फरक आकडेशास्त्राच्या रेषेवर अगदी थोडक्यात हुकला, म्हणजे तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. हा आकडा मी मागे गाळला होता, तुम्ही पकडलात, धन्यवाद.

मग कॉफिन पैसे घेऊन घरी बसले का, तर नाही, २०१५ मध्येच रेप्लिम्यून काढली, तोच हर्पिस पण जास्त जोरकस. १४० पेशंट, आधीची इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्ती जागवणारे उपचार) फेल गेलेले, त्यातल्या साधारण दर तिघांत एकाची गाठ आक्रसली. तरी जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने अर्ज परत पाठवला, तुलनेला दुसरा गटच नाही, सोबत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध पण दिलंय, मग गुण व्हायरसचा किती हे कसं कळणार म्हणून. तुम्ही याला अन्याय म्हणणाऱ्यांची टिंगल केलीय, मी त्यांच्यातला आहे असं समजून. मी नाही. दुसरा गट नसेल तर भावाच्या दुकानातला शेतकरी पण विचारतो, शेजारच्या बिनफवारलेल्या वाफ्यात अळी किती होती म्हणून.

शेवटी वहिनींच्या जिभेच्या गाठीबद्दल विचारलंत. टी-व्हेकची मंजुरी मेलानोमापुरतीच आहे, वहिनींसाठी ते नाही, म्हणून त्या नादात ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका. तुम्ही म्हणता तो जो कोणी "व्हायरसचं इंजेक्शन" देतो म्हणून पैसे मागतोय, त्याला ट्रायलचा सीटीआरआय नंबर विचारा, सीटीआरआय म्हणजे देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही. २००९ पासून देशात प्रत्येक ट्रायलची तिथं नोंद सक्तीची आहे. नंबर दिला तर मला पाठवा, रविवारी दुकान बंद असतं, बसून बघतो.