"कोरोना कुठे लागला हे सिद्धच होत नाही, मग भरपाई कसली?"

ग्रुपवर फिरणारा मजकूर असा: "कोरोना म्हणजे अपघात नव्हे. तो कामावरच लागला हे सिद्ध करता येत नाही. सरकारचे 50 हजार घेतले की विषय संपला. कंत्राटी कामगाराला तर काहीच नाही."

अपघात नव्हे? कोरोनाकाळात लागू असलेल्या कर्मचारी भरपाई कायदा, 1923 चं कलम 3(2) पाहा (नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). तिसऱ्या अनुसूचीतला (कायद्याला जोडलेल्या यादीतला) रोग त्या-त्या कामात जडला, तर कायदा त्याला अपघाती इजाच धरतो. भाग 'अ'मधली पहिली नोंद संसर्गजन्य रोगांची आहे: आरोग्यसेवा, प्रयोगशाळा आणि 'संसर्गाचा विशेष धोका असलेली इतर कामं'. या भागाला किमान नोकरीची अटही नाही.

सिद्ध होत नाही? अनुसूचीतल्या कामाबाबत उलट सिद्ध करायचा बोजा मालकावर आहे. कामगाराच्या बाजूने दाखवायचं ते काम आणि आजार. दावे पडतात ते इथेच. अर्जात नुसतं "हॉस्पिटलमध्ये नोकरी" लिहिलं की मालक म्हणतो, माणूस तर स्टोअरमध्ये होता. म्हणून वॉर्ड, पाळी, हाताळलेलं काम (नमुने, मृतदेह, मळलेल्या चादरी) नेमकं लिहा. हजेरीपट आणि ड्यूटी चार्ट जोडा, लक्षणं सुरू झाल्याच्या आधीचे 14 दिवस त्यात दिसले पाहिजेत. पालिकेच्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. हॉस्पिटलने भरलेलं कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळं मिळवा.

बसचालक, सुरक्षारक्षक यांच्याबाबत मात्र मजकूर अर्धा खरा आहे. 'इतर कामं' या शब्दांत आपलं काम बसतं, हे त्यांना पटवून द्यावं लागतं, आणि तिथे निकाल कुठेही झुकू शकतो.

50 हजारांत विषय संपला? ते सानुग्रह साहाय्य आहे, आपत्ती निवारण निधीतलं. मालकाच्या देण्याशी त्याचा संबंध नाही. मालकाने स्टॅम्प पेपरवर "हक्क सोडला" लिहून घेतलं असेल, तर कलम 17 ने तो कागद रद्दबातल. मृत्यूची भरपाई या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडेच जमा करावी लागते (महाराष्ट्रात बहुधा कामगार न्यायालय). परस्पर वारसांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

रक्कम किती? 3 जानेवारी 2020 पासून हिशेबात धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा 15,000. मृत्यूसाठी त्याचे निम्मे, गुणिले वयाचा घटक (कायद्यातल्या तक्त्यात त्या वयासमोर दिलेला आकडा). चाळिशीला घटक 184.17, म्हणजे 7,500 × 184.17 = 13,81,275 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय दंड.

कंत्राटी? कलम 12: मूळ मालक (ज्याने काम ठेक्याने दिलं तो) जबाबदार, नंतर तो ठेकेदाराकडून वसूल करेल.

ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) विमाधारक या कायद्याखाली येत नाहीत. त्यांच्या वारसांसाठी 24 मार्च 2020 पासून दोन वर्षं वेगळी कोविड योजना होती: सरासरी वेतनाच्या 90 टक्के, लागण कुठे झाली हे न विचारता.

दाव्याची मुदत दोन वर्षं. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला होता. त्यानंतरही राहून गेलं असेल, तर उशिराचं सबळ कारण दाखवणारा अर्ज मूळ दाव्यासोबतच द्यावा लागतो.